रंभेच्या पिल्लांची स्थळं

रंगराव निकमांच्या मते जगात प्राण्यांचे दोनच प्रकार आहेत. ज्यांच्या कमरेवरच्या दोन हाडांमध्ये तीन बोटं आडवी मावतात ते, आणि लाडानं वाया गेलेले. पहिल्या प्रकारात त्यांची कुत्री रंभा येते. दुसऱ्या प्रकारात मी, आमच्या सोसायटीचे चेअरमन, समोरच्या इमारतीतला गुबगुबीत लॅब्रेडॉर आणि जवळजवळ सगळं नवीन पनवेल येतं.

ही तीन बोटं ते रोज सकाळी लिफ्टच्या दारात मोजतात. एक पाय लिफ्टमध्ये, एक बाहेर, रंभा मध्ये, आणि वैद्यानं नाडी पाहावी तसे डोळे मिटलेले. आत कामावर निघालेली माणसं डबे सांभाळत उभी असतात. रंगरावांची बोटं हाडांमध्ये बसतात, ते "बरोबर" म्हणतात, आणि मगच लिफ्ट हलते. एकदा चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आपल्याला घाई असल्याचं सांगितलं. रंगरावांनी डोळे उघडून त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही जिन्यानं जा."

रंभा कारवानी जातीची. पेंढ्याच्या रंगाची, उंच, चिंचोळ्या तोंडाची, पोट पाठीला टेकलेलं, बरगड्या लांबूनही दिसणाऱ्या. या जातीत हे तब्येतीचं लक्षण समजतात. पण आमच्या इमारतीतल्या बायकांना ते कोण सांगणार? त्यांना वाटायचं, बायको गेल्यापासून या माणसाच्या घरी चूल पेटत नाही आणि मुकं जनावर हकनाक उपाशी मरतंय. जिन्यात तूप लावलेल्या पोळ्या पडू लागल्या. रंगरावांनी दारावर पाटी लावली: "कुत्री उपाशी नाही. बरगड्या दिसल्याच पाहिजेत. पोळी टाकू नये." त्यानंतर पुरणपोळी पडली.

शेवटी कोणीतरी तक्रार केली आणि प्राण्यांवर प्रेम करणारी दोन तरुण मुलं चौकशीला आली. रंगरावांनी त्यांना बसवलं आणि खैबरखिंडीपासून सुरुवात केली. दुपारी ती दोघं थकून खाली उतरली. जाताना त्यांतल्या एकानं, पिल्लं झाली तर मला एक द्या, असं सांगून ठेवलं. यथावकाश रंगरावांच्या परीक्षेत तोही नापास झाला.

इतिहास सांगायला रंगरावांना निमित्त लागत नाही. कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, म्हणून ही कारवानी. उंटांच्या पायापायानं ही कुत्री चालत आली, दिवसा ससा-हरिण धरून तांड्याच्या पातेल्यात भर घालायची आणि मुक्कामाला मालाची राखण करायची. तांडे दख्खनला आले, माल विकून परत गेले, कुत्री मागं राहिली. जत, मंगळवेढा, विजापूरच्या माळांवर धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी ती सांभाळली. अंगानं तुकतुकीत ती कारवानी, कानाशेपटीला रेशमासारखे केस असलेली ती पश्मी. हे सगळं सांगताना रंगराव "आम्ही खिंड ओलांडली" असं म्हणतात. ते स्वतः मूळचे जतकडचे, पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले.

मी आयुष्यभर एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. जुन्या सवयीनं मी काही पुस्तकं काढून पाहिली. एकात ही जात इराणकडून आल्याचं होतं, दुसऱ्यात अफगाणी घोडेस्वारांबरोबर, तिसऱ्याला वाटत होतं की असली कुत्री आपल्या माळांवर आधीपासूनच असावीत. पुस्तकांना खात्री नव्हती. मी हे रंगरावांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "लिहिणारा तांड्याबरोबर होता का?" तुम्ही होता का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण "होतो" असंच उत्तर आलं असतं, म्हणून मी विषय बदलला.

ही जात नजरेवर चालते. बाकीची कुत्री जग हुंगून ओळखतात, ही बघून. पायाशी मांजर न हलता बसलं असेल तर रंभा ते ओलांडून जाईल. पण चार प्लॉट पलीकडे बगळ्यानं पंख झटकला की तिची मान दोरी ओढल्यासारखी वर होते. शिकार बंद झाली हे उत्तमच झालं, फक्त रंभेला ते कोणी कळवलेलं नाही. एकदा गाढी नदीच्या काठानं जाताना साखळी माझ्या हातात होती. पलीकडच्या तीरावर एक पांढरी प्लास्टिकची पिशवी वाऱ्यानं उठली. पुढचं मला नीट आठवत नाही. मी चिखलातून चष्मा शोधत होतो आणि काठावरून रंगराव कौतुकानं म्हणत होते, "नजर, मास्तर, नजर."

मी मास्तर नाही हे मी त्यांना अनेकदा सांगितलं आहे. पुस्तकांत बसतो तो मास्तर, असं त्यांचं मत.

ती साखळी माझ्या हातात कशी आली, तेही सांगायला हवं. माझी पत्नी सुमन गेली. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती, नंतर येणं थांबलं, तसं ते थांबतंच. घरात आवाज म्हणून फक्त फ्रिजचा होता. एका सकाळी बेल वाजली, दारात रंगराव. त्यांच्या पत्नी इंदूवहिनी त्याआधीच गेलेल्या, तेव्हा ते धीराचं काही बोलतील असं समजून मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, तुम्हाला आता वेळ असेल." आणि साखळी माझ्या हातात दिली.

तेव्हापासून मला वेळ नाही.

रंभा माझ्याकडे येते तेव्हा तिची गोधडी बरोबर येते. अंगावर चरबी नाही, त्यामुळे फरशी तिला गार लागते आणि कोपरांना घट्टे पडतात. कोपरांना खोबरेल तेल लावायचं. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून द्यायची, आठवड्यातून दोनदा मटण, बिस्किट कधीही नाही. खाल्ल्यावर तिला पळवायचं नाही. अनोळखी माणसानं अंगावर हात ठेवलेला तिला खपत नाही, म्हणून कोणी पुढे आलं की आपण मध्ये उभं राहायचं. दाताच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा, हिला भुलीचं औषध बेतानं द्यावं लागतं, हे रंगरावांनी त्यांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ठाऊक आहे. रंगरावांनी पुन्हा सांगितलं. डॉक्टर पुन्हा म्हणाले, ठाऊक आहे. मग रंगरावांनी ते मला सांगितलं, डॉक्टरांना ऐकू जाईल अशा आवाजात. मला संधिवात आहे आणि माझ्याही फरशा गारच आहेत, पण माझ्यासाठी कधी गोधडी आलेली नाही.

खरा वैताग पुढे आला. गेल्या वर्षी रंगरावांनी भाड्याची गाडी करून रंभेला जतला नेलं. तिथल्या त्यांच्या बापू नावाच्या मित्राकडे उत्तम नर होता. नराच्या मालकाला पैसे द्यायचे नाहीत, एक पिल्लू द्यायचं, अशी त्यांची आपसातली रीत. परत आल्यावर यथाकाल पाच पिल्लं झाली. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाच पिल्लं म्हणजे काय, हे खालच्या मजल्यावरच्या लोकांनी कमिटीला तपशीलवार सांगितलं. कमिटीनं निर्णय दिला, दिवाळीपर्यंत पिल्लं गेली पाहिजेत. रंभा राहिली तर चालेल.

बापूंचं एक वगळता चार पिल्लांना घरं पाहायची होती. मागणारे पुष्कळ होते. मी म्हटलं, मग अडचण काय? रंगरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोरी उजवायच्या आहेत आणि मी म्हणतोय, रस्त्यावर उभ्या करा.

"आधी हात बघू," ते म्हणाले.

हात बघणं म्हणजे त्या घरी जेवायला जाणं. ज्या घरात आपण जेवलो नाही, त्या घराचा हात आपल्याला कळत नाही, आणि हात कळल्याशिवाय पिल्लू द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. कोण कुणाला वाढतं, दुसऱ्यांदा विचारतात का, शेवटी कोण जेवतं, उरलेल्याचं काय होतं. जेवणाच्या वेळी जायचं आणि बसवतील तिथं बसायचं. मी मध्यस्थ, कारण मला बोलता येतं, असा त्यांचा समज. माणसांनी मुलगी पाहायला जावं तसं आम्ही मुलाकडची मंडळी पाहत हिंडू लागलो, फक्त आमच्याकडच्या मुलीला चार पाय होते.

सुकापूरच्या एका शेठजींचा बंगला मला पसंत होता. पुढे हिरवळ, मागे मोकळी जागा, माणसं अगत्याची. ताटात इतके पदार्थ होते की मी दोन दिवस त्यातच होतो. रंगराव मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत जेवत होते. बाहेर पडून रिक्षात बसल्यावर म्हणाले, "नाही." मी विचारलं, का? म्हणाले, "सून ओट्याशी उभ्यानं जेवत होती. जिथं माणसाला बसून घास मिळत नाही, तिथं जनावराला काय मिळणार?"

खांदा कॉलनीतलं एक तरुण जोडपं तर पिल्लासाठी आधीच अंथरूण, स्वेटर आणि खेळणी घेऊन बसलं होतं. दोघंही घरूनच काम करणारे, म्हणजे पिल्लाला दिवसभर सोबत. जेवण हॉटेलातून मागवलं, तेही रंगरावांनी सोसलं. पण दोघं जेवताना आपापल्या मोबाइलमध्ये होती. "एकमेकांकडे एकदा बघितलं नाही," रंगराव लिफ्टमध्ये म्हणाले. "नजरेचं जनावर आहे, मास्तर. त्याच्याकडे तिथं बघणार कोण?" मी म्हणालो, अहो, आजकाल सगळेच असे जेवतात. ते म्हणाले, "म्हणून तर सगळ्यांना देत नाही."

माझं वजन वाढलं. रंगरावांनी एकदा माझ्या कमरेकडे पाहून फक्त उसासा सोडला.

तरी तीन घरं पास झाली. पनवेलच्याच तक्का भागातले एक निवृत्त हवालदार, कर्नाळ्याच्या अंगाला शेती असलेले दोघे भाऊ, आणि शिवणकाम करणाऱ्या एक बाई, ज्यांनी रंगरावांना पानात टाकण्यावरून चांगलंच दटावलं. त्या बाईंवर ते फार खूश होते. शेवटी काळ्या तोंडाची एक मादी तेवढी उरली. दिवाळी तोंडावर आली. पुढच्या रविवारी बापू आपलं पिल्लू न्यायला जतहून येणार होते, आणि तोवर घर मिळालं नाही तर तीही त्यांच्याबरोबर जाणार, असं ठरलं.

आणि मला वैशालीचा फोन आला.

वैशाली ही रंगरावांची एकुलती एक मुलगी. द्रोणागिरीला राहते, पनवेलहून तासाभराच्या आत. तिनं उरणकडच्या आगरी कुटुंबातल्या मुलाशी स्वतः लग्न ठरवलं आणि रंगरावांनी कुरकुर न करता ते लावून दिलं. जावई कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर, घर जावयाच्या आईचं, बैठं, मागे मोठं अंगण असलेलं. बरीच वर्षं झाली लग्नाला, मूल नाही.

ती म्हणाली, "काका, काळ्या तोंडाची मला हवी आहे. मी बाबांना सुरुवातीपासून सांगते आहे. ते घर न बघताच नाही म्हणतात. साऱ्या पनवेलची घरं बघून झाली, आणि माझंच नाही बघायचं?"

मी रंगरावांना विचारलं. ते म्हणाले, खाडीचा दमटपणा, अंगावर पुरळ येईल. मी म्हटलं, पनवेलला कुठे कोरडं आहे? ते म्हणाले, कंटेनरच्या गाड्या. मी म्हटलं, अंगणाला भिंत आहे. ते म्हणाले, भिंत उंच आहे का कोणी बघितली? मी म्हटलं, तेच तर, बघायला चला. त्यावर ते उठून रंभेच्या कोपरांना तेल लावायला गेले, जे सकाळीच लावून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी मी साखळी हातात घ्यायला नकार दिला. म्हटलं, कारण सांगा, मग घेतो. शेठजींच्या, हवालदारांच्या, अगदी त्या मोबाइलवाल्या जोडप्याच्या घरी जाऊन हा माणूस जेवला. पोटच्या मुलीनं काय पाप केलं आहे?

रंगरावांनी साखळी स्वतःच्या मनगटाला गुंडाळली. मग म्हणाले, "ज्या घरात जेवलो नाही, तिथं पिल्लू देत नाही. आणि लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही आमची रीत. आता सांगा, मास्तर, हात कसा बघू?"

मला हसावं की रडावं ते कळेना. ही रीत मला माहीत होती, माझ्या आजोबांच्या पिढीत पाळत असत. मी म्हटलं, दोन नियम अडकलेत, एक मोडा. इतकी वर्षं झाली. कोण विचारतंय आता?

"मी केव्हाच मोडला असता," ते म्हणाले. "पण हिनं पाळला."

मग त्यांनी सांगितलं. इंदूवहिनी महिन्यातल्या एखाद्या शनिवारी एकट्याच मुलीकडे जायच्या. रंगराव त्यांना उरणच्या बसमध्ये बसवून द्यायचे, हातात पाण्याची बाटली. रंगराव स्वतः जात नसत, गेलं की विहीणबाई पाण्याचा आग्रह करणार आणि नकार द्यायचा तर कारण सांगावं लागणार. "कारण काय सांगू? पोरीच्या तोंडावर म्हणू, तुला मूल नाही म्हणून?" संध्याकाळी वहिनी परत यायच्या आणि चपला काढायच्या आधी दारातच तांब्याभर पाणी प्यायच्या, मग आणखी एक. "दिवसभर त्या उकाड्यात लेकीच्या घरी कोरडी बसायची. शेवटपर्यंत. ती गेली तेव्हाही तिची ही रीत मोडलेली नव्हती. आता मी तिथं जाऊन मांडी घालून जेवू? मग तिनं ते कशासाठी सोसलं?"

मी साखळी घेतली. सुमनचा निळा मग मी अजून वापरत नाही, त्याला तरी कुठे कारण आहे?

पण रविवार जवळ येत होता आणि वैशालीचे फोन थांबत नव्हते. शेवटी मीच तोड काढली. म्हटलं, जेवतो मी, बघा तुम्ही. रंगरावांनी यावर दोन दिवस विचार केला. "हात तुमचा, नजर माझी," ते म्हणाले, आणि मान्य केलं. पिल्लू पिशवीत घेतलं, पण ते फक्त अंगण दाखवायला, द्यायला नव्हे, हे त्यांनी मला रिक्षात, बसमध्ये आणि उतरल्यावर बजावलं. दुसऱ्या हातात पाण्याची बाटली होती.

वैशालीची सासू दारातच उभी होती. ठेंगणी, तरतरीत बाई. "इतक्या वर्सांनी व्याही आले," त्या म्हणाल्या, आणि पाण्याचे दोन तांबे पुढे आले. मी प्यायलो. रंगरावांनी बाटली दाखवली. बाईंचं तोंड जरा बारीक झालं, पण त्या आत गेल्या. जावई पाळीवर होता, घरात या दोघीच.

ताट माझ्यापुढे आलं. तांदळाची भाकरी, सुकट, कालवण, भात. रंगराव समोर खुर्चीवर, मांडीवर बाटली, पायाशी पिशवी, आणि डोळे माझ्या घासावर. मी एक भाकरी संपवली की ते मला हळूच विचारत, "विचारलं का पुन्हा?" मी म्हणे, विचारलं. "कुणी?" दोघींनी. "आधी कुणी?" मी आयुष्यात इतकं अवघडून कधी जेवलो नाही.

सासूबाई पळीसकट उभ्या राहिल्या.

"ते जेवतात, तुमी बघता. आमचं घर म्हंजे काय खेल हाय?" त्या म्हणाल्या. "सरल सांगा ना, व्याही. आमी मच्छी खानारे आगरी, आमच्या हातचं पानी तुमाला चालत नाय. इतकी वर्सं बघतंय मी."

रंगरावांचा चेहरा उतरला. त्यांनी तोंड उघडलं, वैशालीकडे पाहिलं आणि मिटलं. एका वाक्यात त्यांची सुटका होती. पण ते वाक्य वैशालीला लागल्याशिवाय त्या बाईंपर्यंत पोचणार नव्हतं.

"तसं समजा," ते म्हणाले.

"तसं समजू?" बाईंचा आवाज चढला. "मंग तुमची बाई कशी जेवायची आमच्याकडं?"

"मम्मी, नको," वैशाली म्हणाली.

"काय नको? येईल त्या शनिवारी जेवायची. सुकट-भाकर तर तिच्या आवडीची. मागून घ्यायची. वर कपभर चा. आनी जाताना मला बोलायची, विहीणबाय, यांना कलू देऊ नका."

मी घास तसाच हातात धरून बसलो. वैशाली वडिलांसमोर जमिनीवर बसली.

"सुरुवातीला आई काही घेत नव्हती, बाबा," ती सावकाश म्हणाली. "मग एकदा स्वतःच म्हणाली, वैशू, नातवंड यायचं तेव्हा येईल, तू केलेलं मी आत्ता खाते. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली. ते माझ्यासाठी एवढं पाळतात, मी मोडलं कळलं तर त्यांना लागेल, म्हणाली. ती गेल्यावर मी सांगणार होते. पण तिची चहाडी केल्यासारखं वाटलं."

बाहेर रस्त्यावरून कंटेनरची गाडी गेली आणि भांडी थरथरली. पिशवीतून काळं तोंड बाहेर आलं, मग पाय, आणि पिल्लू फरशीवरून घसरत सासूबाईंच्या पदराशी पोचलं. त्यांनी ते न बघताच उचलून कडेवर घेतलं, त्यांचं लक्ष रंगरावांकडे होतं. त्यांना आता आपण बोललो ते बोलायला नको होतं असं वाटत असावं.

मला वाटलं, हा माणूस उठून जाईल. बायकोनं फसवलं म्हणून रागावेल, किंवा खैबरखिंडीबद्दल बोलायला लागेल.

"कुठं बसायची ती?" रंगरावांनी विचारलं.

वैशालीनं स्वयंपाकघरात खिडकीखाली बोट दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "थंय. खाडीचा वारा येतो ना, तिला बरं वाटायचं."

रंगराव उठले. बाटली खुर्चीवर राहिली. ते आत गेले, भिंतीचा आधार घेत खिडकीखाली बसले आणि पाय जमवून मांडी घातली. त्याला वेळ लागला.

"वाढा," ते म्हणाले.

सासूबाईंनी पिल्लू माझ्या मांडीवर टाकलं आणि ताट घेतलं. त्यांनी किती वाढलं, आधी कुणाला विचारलं, हे काही रंगरावांनी पाहिलं नाही. खाली मान घालून ते जेवत होते. जतकडच्या माणसाला सुकट नवी, पहिल्या घासाला ते थांबले.

"खारट आहे," ते म्हणाले.

"सुकी मच्छी हाय, खारट आसनारच, वर पानी लागतं," सासूबाई म्हणाल्या. "तुमची बाई दोन-दोन भाकऱ्या खायची याच्याशी. आनी ही काली पोर हितंच र्‍हानार ना आता?"

रंगरावांनी घास न चावता नुसती मान हलवली. ती होकाराची होती हे सगळ्यांना कळलं. मग त्यांनी हात पुढे केला.

"पाणी दे, वैशू."

वैशालीनं माठातून ग्लास भरून दिला आणि शेजारी उभी राहिली. त्यांनी तो एका दमात संपवला. ती ग्लास घ्यायला वाकली, पण त्यांनी सोडला नाही.

"अजून," ते म्हणाले.